खेळाची कणीक

१. एका नगरातील दोन बाजार

भिलाई हे नगर आधी कागदावर आखले गेले आणि नंतर जमिनीवर उभे राहिले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. जेथे भाताची खाचरे होती तेथे कामगारांसाठी सेक्टर आखले गेले. रस्ते सरळ रेषेत गेले, घरांना क्रमांक मिळाले, आणि नगरवासीयांच्या बाजारहाटासाठी व करमणुकीसाठी सिविक सेंटर वसविण्यात आले. दुकानांच्या रांगा, कला मंदिर, नेहरू आर्ट गॅलरी असे या भागाचे स्वरूप आहे. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून आलेली कुटुंबे येथे एकमेकांच्या शेजारी राहू लागली. त्यांत विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही होती. १९५६ पर्यंत नागपूर हीच या प्रदेशाचीही राजधानी होती; त्यामुळे दुर्ग, राजनांदगाव, रायपूर ही नावे त्यांना परकी नव्हती.

अशा नगरात मुलांच्या हातात काय येते, हे पाहण्यासारखे असते. पावसाळ्याच्या शेवटी पोळा येतो. मराठी पंचांगात ती श्रावण अमावास्या, छत्तीसगडी पंचांगात भादो महिन्याची अमावास्या, दिवस एकच. छत्तीसगडात या सणाला 'पोरा' म्हणतात. त्या दिवसांत कुंभार मातीचे नंदीबैल, मातीचे जाते, चूल आणि इवलीइवली भांडी विकावयास आणतात. मुलगे बैल ओढत नेतात, मुली जात्याभोवती संसार मांडतात. नागपूर-वऱ्हाडाकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांचा 'तान्हा पोळा' भरतो, तेथे बैल लाकडाचा असतो. दुर्गजवळचे थनौद हे गाव तर मूर्तिकारांचे गाव म्हणून सर्व भागात ओळखले जाते.

दुसरा बाजार वर्षभर चालतो. खेळण्यांच्या दुकानांत झाकणाच्या लहान डब्यांतून रंगीत मऊ पदार्थ मिळतो. तो दाबला की दबतो, ओढला की लांबतो, आणि त्याचा हत्ती मोडून पुन्हा चेंडू करता येतो. या पदार्थाची किंमत सर्वांना परवडते असे नाही, आणि झाकण उघडे राहिले की तो दोन दिवसांत वाळून जातो. परंतु त्याची मूळ कृती स्वयंपाकघरातील आहे. पीठ, मीठ, पाणी, तेल आणि थोडा आंबटपणा एवढ्यावर ती भागते. ही कणीक घरी कशी करावी, ती तशी का होते, आणि ती मुलाच्या हाती देताना कोणती काळजी घ्यावी, हा या प्रकरणाचा विषय आहे.

२. कोळशाची काजळी आणि बालवाडी

या रंगीत कणकेचा जन्म खेळण्यासाठी झाला नव्हता. अमेरिकेत घरोघरी कोळशाच्या शेगड्या व भट्ट्या पेटत, त्या काळी भिंतींवर चिकटविलेल्या कागदावर काजळी बसे. ओल्या फडक्याने पुसले तर कागद फाटे. म्हणून सिनसिनाटी शहरातील कुटॉल नावाच्या कंपनीने कणकेसारखा एक गोळा बनविला. तो भिंतीवर फिरविला की काजळी त्याला चिकटून येई. दुसऱ्या महायुद्धानंतर घरे गॅसने गरम होऊ लागली, धुता येणारे भिंतकागद आले, आणि या गोळ्याची गरज संपत आली. कंपनी चालविणारे जो मॅकव्हिकर यांच्या नात्यातील एक बालशिक्षिका, के झुफॉल, यांनी तो गोळा आपल्या बालवाडीतील मुलांच्या हाती दिला. शाळेतील माती लहान बोटांना कठीण जाई. हा गोळा मात्र त्यांना सहज वळविता येऊ लागला. मग त्यातील साफसफाईची द्रव्ये काढून टाकण्यात आली, रंग व सुवास घालण्यात आला, आणि १९५६ च्या सुमारास 'प्ले-डो' या नावाने तो बाजारात आला. हे नावही के झुफॉल यांच्याच घरी सुचलेले होते.

त्यापूर्वी १८९७ च्या सुमारास इंग्लंडमधील बाथ या गावी विल्यम हार्बट या कलाशिक्षकाने 'प्लास्टिसीन' तयार केले होते. त्यात खडूसारखी भुकटी मेणचट द्रव्यांत मळलेली असते. त्यात पाणीच नसल्यामुळे ते वाळत नाही, परंतु थंडीत कडक होते आणि कपड्याला लागले तर डाग सोडते. माती, प्लास्टिसीन आणि कणीक या तिन्हींचा गुण एकच, तो म्हणजे आकार्यता. थोडा दाब दिला तर असा पदार्थ जागचा हलत नाही. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की तो सरकतो, आणि दाब काढून घेतल्यावर नवा आकार धरून ठेवतो. रबर पूर्वस्थितीवर जाते, पाणी आकारच धरत नाही. कणीक या दोहोंच्या मध्ये आहे. भिलाईच्या कारखान्यात लालभडक तापविलेले पोलादाचे ठोकळे लाटण्यांच्या जोड्यांतून पुनःपुन्हा जातात आणि शेवटी रेल्वेचे रूळ होऊन बाहेर पडतात, तेथेही हाच गुण कामाला येतो. पाटावर कणकेची वळकटी लाटणारे मूल आणि रूळ लाटणारा कारखाना यांच्यात फरक मुख्यतः उष्णतेचा आणि बळाचा आहे.

३. हात आणि बुद्धी

मुलाच्या हाती मऊ पदार्थ द्यावा हा विचार जुना आहे. जर्मनीत १८३७ मध्ये आपली बालसंस्था काढून १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' हे नाव देणाऱ्या फ्रेडरिक फ्रोबेल यांनी मुलांच्या हस्तव्यवसायांत मातीकामाला जागा दिली. १९०७ मध्ये रोम शहरातील कामगार वस्तीत बालगृह उघडणाऱ्या मारिया माँटेसरी यांनी आपल्या ग्रंथात कुंभारकामाचा स्वतंत्र विचार केला. माँटेसरींची पद्धत भारतात रुजली ती गुजरातेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या भावनगर येथील कार्यातून. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला.

परंतु ताराबाईंना लवकरच एक अडचण जाणवली. माँटेसरी पद्धतीची साधने महाग होती. ज्या देशात बहुसंख्य मुले खेड्यांत व झोपड्यांत राहतात, तेथे शिक्षण साधनांच्या पेटीत बंद करून ठेवता येणार नव्हते. १९४५ मध्ये ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्रामबालशिक्षणाचे केंद्र सुरू झाले. अनुताई वाघ ताराबाईंच्या सहकारी झाल्या, आणि १९५७ मध्ये हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. (हा भाग आज पालघर जिल्ह्यात येतो.) तेथे साधने परिसरातून घेतली गेली: पाने, बिया, शंखशिंपले, खडे आणि माती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेनेच मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून अंगणवाडीची कल्पना पुढे आली. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. ज्ञानेंद्रियांचे शिक्षण जवळच्या, स्वस्त आणि ओळखीच्या वस्तूंनीच द्यावे, हा या परंपरेचा मुख्य धडा होय. घरी केलेली कणीक याच धड्यात बसते.

खरे पाहता मराठी घरात ही प्रथा कोणत्याही पुस्तकाची वाट पाहत बसली नव्हती. आई पोळ्या लाटीत असली की शेजारी बसलेल्या मुलाला कणकेचा एक गोळा मिळे, आणि पोळ्या संपेपर्यंत त्याची चिमणी, साप आणि पुन्हा गोळा अशी स्थित्यंतरे होत. दिव्यांच्या अमावास्येला कणकेचे दिवे होत. उन्हाळ्यात वळवट घालताना बायका दोन बोटांच्या चिमटीत गव्हले, नखुले, बोटवे आणि मालत्या वळीत. गव्हाच्या दाण्याएवढा गव्हला वळण्यास अंगठा व तर्जनी यांचा जो मेळ लागतो, तोच पुढे लेखणी धरण्यास, गुंडी लावण्यास आणि सुईत दोरा ओवण्यास लागतो.

मुलाच्या वाढीप्रमाणे त्याचा कणकेशी व्यवहार बदलत जातो. दीड वर्षाचे मूल गोळा दाबते, त्यात बोट खुपसते आणि तोंडात घालते. दोन वर्षांचे मूल तो थोपटते, त्याचे तुकडे करते. तीन वर्षांच्या सुमारास हातांच्या तळव्यांमध्ये वळकटी वळता येऊ लागते, आणि मूल आपण केलेल्या आकाराला नाव देऊ लागते. हे नाव बहुधा आकार झाल्यावर सुचते, आधी नाही. चार-पाच वर्षांचे मूल 'मी बैल करणार' असे आधी ठरवते आणि मग धड, पाय, शिंगे जोडते. हेतू आधी आणि कृती नंतर, हा क्रम हाताच्या साक्षीने पक्का होतो. ही वये स्थूलमानाची आहेत. एखादे मूल मागेपुढे असले तर चिंता करण्याचे कारण नाही.

स्वित्झर्लंडमधील मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी बार्बेल इनहेल्डर यांच्यासह १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असाच गोळा साधन म्हणून वापरला होता. मुलासमोर सारखे दोन गोळे ठेवावयाचे, त्यांपैकी एकाची त्याच्या देखत वळकटी करावयाची आणि विचारावयाचे, 'आता दोन्हींत कणीक सारखीच आहे की कमीजास्त?' पाच वर्षांचे मूल बहुधा वळकटीकडे बोट दाखवून तिच्यात जास्त आहे असे सांगते, कारण ती लांब आहे. सात-आठ वर्षांचे मूल मात्र 'तुम्ही काही घातले नाही, काही काढले नाही, मग ती सारखीच' असे उत्तर देते. पालकांनी हा प्रयोग घरी अवश्य करून पाहावा. परंतु लहान मुलाने दिलेले उत्तर चुकीचे म्हणून त्याला दटावू नये. ती समजूत सांगून येत नाही. पुष्कळ गोळे मोडून, वळून, पुन्हा गोळा केल्यावर ती आपली आपण येते.

४. मैद्याची शिजविलेली कणीक

साहित्य: मैदा २५० ग्रॅम, बारीक मीठ १२५ ग्रॅम, पाणी ४५० मिलिलिटर, खाण्याचे तेल २ मोठे चमचे, लिंबाचा गाळलेला रस २ मोठे चमचे. यातून सुमारे ८५० ग्रॅम कणीक होते.

कृती: पाणी गरम करून त्यात मीठ पूर्ण विरघळवावे. मैदा चाळून जाड बुडाच्या स्टीलच्या कढईत घ्यावा. ॲल्युमिनियमचे भांडे वापरू नये, कारण मीठ व आंबट रस त्या धातूला खातात. मिठाचे पाणी कोमट झाल्यावर थोडेथोडे मैद्यात घालून गुठळ्या मोडाव्यात, मग तेल व लिंबाचा रस घालावा. हे पातळ मिश्रण मंद आचेवर ठेवून उलथन्याने तळापासून सतत ढवळावे. प्रथम काहीच होत नाही. मग तळाशी दाट पापुद्रे धरू लागतात, आणि पाचसहा मिनिटांत सर्व मिश्रण कढईची कड सोडून एका गोळ्यात गोळा होते. आता ते परातीत काढावे. आतील भाग बराच वेळ अतिशय गरम राहतो, म्हणून मुलांना दूर ठेवावे. हाताला सोसवेल इतके निवल्यावर मोठ्या माणसाने तेलाच्या हाताने पाच मिनिटे मळावे. नीट झालेली कणीक कानाच्या पाळीसारखी मऊ लागते आणि बोटाला चिकटत नाही.

प्रत्येक घटकाचे कार्य समजून घेतले म्हणजे प्रमाण बिघडले तरी सुधारता येते. गव्हाच्या पिठातील प्रथिने पाण्याशी मिळून चिवट जाळे तयार करतात. पोळीची कणीक ताणली असता तुटत नाही ती या जाळ्यामुळे. पिठातील पिष्टाचे कण मात्र थंड पाण्यात नुसते भिजतात. सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे ते पाणी शोषून फुगतात आणि खळीसारखे चिकट होतात. म्हणूनच न शिजविलेली कणीक लवकर सैल पडते व हाताला चिकटते, आणि शिजविलेली गुळगुळीत होऊन अनेक दिवस टिकते. मीठ पाण्याला जखडून ठेवते. बुरशीला व जंतूंना वाढण्यास मोकळे पाणी लागते, ते उरत नाही. लोणचे टिकते त्याचेही हेच एक कारण आहे. तेलामुळे पृष्ठभाग मऊ राहतो व पाणी सावकाश उडते. लिंबाच्या आम्लाने कणीक अधिक गुळगुळीत होते; पाश्चात्त्य कृतींत याच कामासाठी द्राक्षरसापासून मिळणारे एक आंबट चूर्ण घालतात.

कणीक चिकट झाली तर ती कमी शिजली आहे असे समजावे व पुन्हा दोन मिनिटे आचेवर ठेवावी. ती भुगा होऊन तुटत असेल तर ओल्या हाताने मळावी. खरखर लागत असेल तर मीठ विरघळलेले नाही.

५. तांदळाची कणीक

काही मुलांना गहू सोसत नाही. अशा मुलांच्या हातीही मैद्याची कणीक देऊ नये. भिलाईच्या परिसरात यावर सहज उपाय आहे, कारण हा तांदळाचा देश आहे. छत्तीसगडी घरात तांदळाच्या पिठाचे फरे होतात, मराठी घरात मोदकाची उकड होते. ही उकड हीच खेळाची दुसरी कणीक. एक वाटी पाण्यात पाव वाटी मीठ आणि एक चमचा तेल घालून उकळी आणावी, त्यात एक वाटी तांदळाची बारीक पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून वाफ येऊ द्यावी, आणि कोमट असताना तेल-पाण्याच्या हाताने मळावी. तांदळात गव्हासारखे चिवट जाळे तयार होत नाही. उकड एकत्र राहते ती केवळ फुगलेल्या पिष्टामुळे. त्यामुळे ती ताणली तर तुटते आणि वाळली की कडेला चिरा पडतात, परंतु मोदकाच्या पाकळीप्रमाणे ती नाजूक चिमटीने उत्तम वळते. ही कणीक दोनतीन दिवसच वापरावी.

६. रंग

हळद, बीटाचा रस आणि पालकाचा रस यांवर पिवळा, गुलाबी व हिरवा रंग निघतो. हे रंग फिके असतात आणि काही दिवसांत विटतात. त्यात दोष मानू नये. गडद रंग हवा असेल तर खाण्याचा रंग थेंबभर वापरावा. रंगपंचमीचे रंग, शेंदूर किंवा कपड्यांचे रंग कधीही वापरू नयेत. त्यांत विषारी धातू असण्याचा संभव असतो.

हळदीच्या कणकेबरोबर एक लहानसा प्रयोग करता येतो. तिच्या एका तुकड्यावर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून लावला तर तो तुकडा तांबूस होतो. वर लिंबू पिळले तर पुन्हा पिवळा होतो. पिवळ्या डागाच्या कपड्याला साबण लावला की डाग लाल होतो, हे ज्या मुलाने पाहिले आहे त्याला या दोन गोष्टींचा संबंध आपणहून जोडता येतो. चुन्याने हाच बदल अधिक ठळक दिसतो, परंतु चुना डोळ्यांस घातक असल्याने मुलांच्या खेळात तो आणू नये.

७. मिठाची सावधगिरी

घरी केलेला पदार्थ म्हणजे निर्धोक पदार्थ, अशी समजूत येथे धोक्याची ठरते. वर दिलेल्या प्रमाणात ८५० ग्रॅम कणकेत १२५ ग्रॅम मीठ असते. म्हणजे लिंबाएवढ्या, सुमारे ४० ग्रॅमच्या गोळ्यात जवळजवळ ६ ग्रॅम मीठ आले. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे सांगितले आहे. दोन वर्षांच्या मुलाने असा एक गोळा गिळला तर त्याच्या शरीरावर किती भार पडेल याची यावरून कल्पना येईल. एखादा कण चाटला तर खारट चवीने मूल बहुधा तो थुंकून टाकते आणि त्यातून अपाय होत नाही. परंतु मोठा तुकडा पोटात गेला, आणि नंतर उलट्या, अतिशय तहान किंवा सुस्ती दिसू लागली, तर घरगुती उपायांत वेळ न घालविता मुलास रुग्णालयात न्यावे.

म्हणून जे मूल अजून प्रत्येक वस्तू तोंडात घालते त्याला ही कणीक देऊ नये. त्याला पोळीची साधी, बिनमिठाची कणीक द्यावी, जवळ बसावे आणि खेळ संपताच ती टाकून द्यावी. खारी कणीक मोठ्या मुलांनाही मोठ्यांच्या नजरेखालीच द्यावी. मणी, राजमा, चिंचोके अशा वस्तू कणकेत खोचण्यासाठी देताना तीन वर्षांखालील मूल आसपास नाही याची खात्री करावी. हाताला जखम किंवा खरूज असेल तर मीठ झोंबते. खेळापूर्वी आणि खेळानंतर हात धुवावेत.

जुनी झालेली खारी कणीक गाईगुरांपुढे किंवा कुत्र्यांपुढे टाकू नये. इतके मीठ कुत्र्याच्या जिवावर बेतू शकते. ती कुंडीतही पुरू नये, कारण खाऱ्या मातीत रोप जगत नाही.

ऋतूचाही विचार करावा लागतो. मिठाला हवेतील ओलावा ओढून घेण्याची सवय असते, आणि हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की ते पाझरू लागते. म्हणून भिलाईच्या आषाढ-श्रावणात चांगली केलेली कणीकही उघड्यावर ओलसर व चिकट होते. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर चढतो तेव्हा तीच कणीक तासाभरात वाळू लागते. दोन्हींवर उपाय एकच, घट्ट झाकणाचा डबा. आंबूस वास आला किंवा ठिपके दिसले तर मोह न करता ती टाकून द्यावी.

८. अन्नाशी खेळ

या विषयावर घरातील वडीलधाऱ्या मंडळींचा एक आक्षेप असतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. ज्या देशात अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात, आणि ज्या देशात आजही सर्वांची ताटे भरलेली नाहीत, तेथे पिठाचे खेळणे करावे काय?

या आक्षेपात तथ्य आहे. ज्या आजीने दुष्काळात ज्वारीचा कोंडा शिजविलेला पाहिला असेल, तिला मीठ घालून नासविलेल्या मैद्याचे कौतुक वाटणार नाही. तिच्याशी वाद घालण्याऐवजी तिचे म्हणणे खेळाच्या नियमांत आणावे. पहिला नियम असा की, जेथे चांगली माती मिळते तेथे माती हेच साधन घ्यावे. छत्तीसगडातील शेतकरी जमिनीला कन्हार, डोरसा, मटासी, भाटा अशा नावांनी ओळखतो. यांपैकी काळी, चिकट कन्हार बोटांना चांगली वळते. वरचा थर बाजूला सारून स्वच्छ जागेतील माती घ्यावी, वाळवून चाळावी, रात्रभर भिजवून मळावी. गटार, उकिरडा किंवा कारखान्याचा कचरा जवळ असेल तेथील माती घेऊ नये. दुसरा नियम असा की, कणीक मोजून करावी. अंगणवाडीतील २५ मुलांना प्रत्येकी ५० ग्रॅमचा गोळा द्यावयाचा तर सव्वा किलो कणीक लागते, आणि तिला मैदा लागतो सुमारे ३७० ग्रॅम. नीट ठेवली तर ती अनेक दिवस पुरते. तिसरा नियम कडक आहे: मुलांच्या आहारासाठी आलेल्या धान्याला या कामासाठी कधीही हात लावू नये.

चौथी गोष्ट नियमापेक्षा सवयीची आहे. पोळ्यांच्या वेळी मुलाला जो गोळा मिळतो, त्याची शेवटी लहानशी पोळी करून तव्यावर भाजावी. ती वेडीवाकडी असते, जाड असते, परंतु मूल ती आवडीने खाते. खेळ आणि अन्न यांच्यातील अंतर त्या दिवशी आजीच्याही मनात उरत नाही.

९. मोठ्यांचे काम

कणीक तयार करून दिल्यावर मोठ्यांचे मुख्य काम म्हणजे हात आवरणे. शिक्षिकेने सुबक हत्ती करून दाखविला की सर्व वर्ग हत्ती करू लागतो, ज्यांना तो जमत नाही ती मुले गोळा तिच्याकडे नेऊन 'तुम्हीच करून द्या' म्हणू लागतात, आणि खेळ तेथेच थांबतो. साचे शेवटी द्यावेत. आधी नुसती बोटे, मग वाटी, चमचा, बाटलीचे झाकण, जुना कंगवा, लाटणे. 'हे काय आहे?' असे विचारण्यापेक्षा 'हे कसे केलेस?' असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने मूल ओशाळते, कारण पुष्कळदा ते काहीच नसते. दुसऱ्या प्रश्नाला त्याच्याजवळ नेहमी उत्तर असते. त्या उत्तरातून दाबले, ओढले, चिमटले, लांब, जाड, मऊ हे शब्द त्याच्या बोलण्यात येतात. सेक्टरातील शेजाऱ्यांची मुले एकत्र खेळत असतील तर एकाच गोळ्याला मराठी, छत्तीसगडी, हिंदी, बंगाली आणि तेलुगू नावे मिळतात.

या खेळाने बुद्धी इतकी वाढते किंवा तितकी वाढते अशी आश्वासने खेळण्यांच्या वेष्टनांवर छापलेली असतात. ती गंभीरपणे घेण्याचे कारण नाही. बोटांना बळ येते, दोन्ही हात एकत्र काम करू लागतात, मूल काही काळ एका गोष्टीत रमते, आणि बिघडलेले पुन्हा करता येते हे त्याच्या हातांना समजते. कागदावरील रेघ चुकली तर खोडल्याची खूण राहते, फुटलेला काचेचा पेला जोडता येत नाही. कणकेचा बैल मोडला तर त्याच कणकेचा दुसरा बैल होतो. चुकण्याची भीती ज्या मुलाच्या मनात लवकर बसली आहे, त्याला या एका गोष्टीचा उपयोग मोठा असतो.

पोळ्याच्या दिवशी मातीचा नंदीबैल घरी आला म्हणजे त्याची पूजा झाल्यावर तो मुलाच्या समोर ठेवावा आणि शेजारी कणकेचा गोळा द्यावा. मूल बैलाकडे पाहील, त्याचे वशिंड चाचपून पाहील आणि मग कामाला लागेल. त्याचा बैल तीन पायांवर उभा राहील, कदाचित उभाच राहणार नाही. तो कुंभाराच्या बैलाशेजारी त्या रात्रीपुरता तसाच ठेवावा. सकाळी गोळा पुन्हा डब्यात भरून झाकण घट्ट लावावे.